रविवारची सायकल रॅली आणि सोमवारची शाळेची वाट

भाऊ, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जळगावात महामार्गालगतच्या एका कॉलनीत तुम्ही पंधरा-वीस जण आहात. दर रविवारी सायकल रॅली काढलीत, टी-शर्ट छापले, 'एक दिवस गाडीविना' असे फलक लावले. सुरुवातीला उत्साह होता, मग ठरावीक सहा-सात जणच उरले, आणि तेही सोमवारी सकाळी मोटारसायकलला किक मारूनच बाहेर पडतात. त्यात कोणीतरी ऐकवलं की हे काम महापालिकेचं आणि सरकारचं, तुमच्यासारख्यांच्या धडपडीने शहराची वाहतूक सुधारत नसते. म्हणून तुम्ही विचारताय, सामान्य लोकांच्या अशा प्रयत्नांना खरंच काही जागा आहे का? आणि असेल तर सुरुवात कुठून करायची?

जागा आहे, आणि चांगली मोठी आहे. मी मूळची धुळ्याची, शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर. बरीच वर्षं वाहतूक नियोजनात काम केलं आणि आता खान्देशातल्या शाळा, रहिवासी मंडळं, रिक्षा संघटना यांच्याबरोबर रस्त्यांची कामं करते. त्या अनुभवातून लिहिते आहे. लांबेल, पण तुमच्या प्रश्नाला दोन ओळींचं उत्तर नाही.

आधी अडचण नेमकी काय आहे ते पाहू. रॅली काढताना आपण मनात धरून चालतो की लोकांना माहिती नाही, ती दिली की ते बदलतील. पण पेट्रोलचा भाव तुमच्या कॉलनीतल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. धुराने काय होतं, चालल्याने तब्येत कशी राहते, तेही ठाऊक आहे. तरीही दीड किलोमीटरवरच्या शाळेत मुलीला सोडायला बाप मोटारसायकल काढतो. त्याच घरात जिन्याखाली मुलीची सायकल उभी असते, टायरमधली हवा गेलेली. कारण विचारा. 'तो चौक आहे ना, तिथे डंपर कसे वळतात बघितलंय का?' 'नाल्यावर कठडा नाही.' 'क्लास सुटतो सातला, आणि त्या पट्ट्यात दिवे नाहीत.' म्हणजे अख्ख्या वाटेवर एखादी-दुसरीच जागा अशी असते की तिच्यापायी सगळा प्रवास मोटारसायकलवर जातो. ती जागा कोणती, हे मंत्रालयात बसून कळत नाही, सल्लागार कंपनीच्या दोन दिवसांच्या पाहणीतही बऱ्याचदा सुटतं. रोज त्या वाटेने जाणाऱ्यालाच ते माहीत असतं, आणि तुमच्या गटाची खरी ताकद तीच आहे. म्हणून माझा सल्ला: शहर सुधारायला निघू नका. एक रोजची वाट धरा आणि ती सुधारेपर्यंत सोडू नका.

कोणती वाट, हे मात्र गावावर अवलंबून आहे. जळगावला महामार्ग आणि रेल्वे या दोन रेषांनी कापलंय. अंतरं लहान आहेत, पण रेषा ओलांडायची म्हणजे जिवावरची गोष्ट. म्हणूनच तिथल्या लोकांनी महामार्गाला समांतर रस्ते मिळावेत म्हणून वर्षानुवर्षं आवाज उठवला. धुळ्याची गोष्ट वेगळी. जुन्या धुळ्याच्या पेठा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने आखून वसवल्या, सरळ रस्ते, काटकोनात गल्ल्या. पायी आणि सायकलला याहून चांगली रचना शोधून मिळायची नाही, पण गल्ल्या उभ्या गाड्यांनी भरल्या आहेत, आणि पलीकडच्या देवपुरात जायचं तर पांझरा नदीच्या पुलांवर सगळी गर्दी एकवटते. भुसावळला रेल्वेचं मोठं जाळं मधोमध आहे. नंदुरबार अजून असं आहे की बहुतेक कामं पायी होऊ शकतात. तिथे नवं काही आणण्यापेक्षा आहे ते जपणं जास्त गरजेचं. तेव्हा दुसऱ्या शहरातला यशस्वी प्रयोग जशाचा तसा उचलू नका.

तरीही कुठून सुरुवात करावी असं कोणी विचारलं, तर बहुतेक वेळा मी शाळेची वाट सांगते. कारण तिथे भांडण कमी होतं. पार्किंगवरून व्यापारी भांडतात, सायकल मार्गावरून गाडीवाले भांडतात, पण शाळेसमोर मुलं सुरक्षित असावीत याला उघड विरोध कोणी करत नाही. शिवाय एक कायदेशीर दार तिथे आधीच उघडं आहे. महाराष्ट्रात शाळेच्या बससाठी २०११ पासून नियम आहेत, आणि त्यांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते. मुख्याध्यापक अध्यक्ष, पालकांचा प्रतिनिधी, वाहतूक पोलीस, आरटीओचे निरीक्षक, महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा माणूस, असे सगळे एका टेबलाशी. एरवी या चार कार्यालयांच्या चार वाऱ्या कराव्या लागतात. पुष्कळ शाळांमध्ये ही समिती कागदावरच असते. पालक म्हणून तुम्ही मुख्याध्यापकांना नम्रपणे लेखी विचारलंत की बैठक कधी आहे, विषयपत्रिकेत शाळेसमोरचा रस्ता घ्याल का, तर निम्मं काम तिथेच हलतं.

पण बैठकीला रिकाम्या हाताने जाऊ नका, मोजून जा. मोजणीला ॲप लागत नाही. वही, पेन, चार माणसं पुरतात. शाळा भरताना, सुटताना आणि संध्याकाळच्या क्लासच्या वेळी, एकेक तास, आठवड्यातले तीन साधे दिवस. बाजाराचा वार आणि सुट्टीच्या आधीचा दिवस टाळा. पायी किती, सायकलवर किती, मोटारसायकलवर मूल घेऊन आलेले किती, रिक्षा आणि व्हॅनमधून किती, अशा उभ्या रेघा मारत जायचं. त्याबरोबर पालकांना तीनच प्रश्न विचारा: किती लांबून येता, मुलाला पायी किंवा सायकलने का पाठवत नाही, आणि कोणती जागा नीट झाली तर पाठवाल. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं नकाशावर ठिपक्यांनी मांडा. ठिपके दोन-तीन ठिकाणीच दाटतात, हे मी दर वेळी पाहिलंय. 'रस्ते खराब आहेत' असं म्हणणाऱ्या शिष्टमंडळाला अधिकारी चहा पाजून परत पाठवतात. 'या वळणावर सकाळच्या तासात इतकी मुलं रस्ता ओलांडतात आणि इतके पालक फक्त याच जागेमुळे गाडी काढतात' असा कागद समोर आला, तर त्यांना त्यावर काहीतरी लिहावं लागतं.

मोजणीनंतर करून दाखवणं. एका तालुक्याच्या गावी मुलींच्या शाळेसमोर आम्ही काय केलं ते सांगते. शाळा सुटताना फाटकासमोर पालकांच्या मोटारसायकली, रिक्षा, भेळेची गाडी आणि मुली, सगळं एकात एक अडकायचं. रस्ता रुंद करा अशी मागणी होती, पण रुंद करायला जागाच नव्हती. पालकांनी, दोन निवृत्त शिक्षकांनी आणि वाहतूक हवालदारांनी मिळून ठरवलं की शाळा सुटण्याची पंधरा मिनिटं फाटकासमोरचा तुकडा गाड्यांना बंद. दोन्ही बाजूंना दोरी. गाड्यांनी शंभर-दीडशे मीटरवरच्या मोकळ्या मैदानाशी थांबायचं, मुली तिथपर्यंत चालत येणार. चालण्याची कड फक्कीने आखली. खर्च दोरीचा आणि फक्कीचा. पहिल्या दिवशी रिक्षावाले चिडले. आठवडाभरात त्यांच्याच लक्षात आलं की कोंडी नसल्यामुळे दुसरी फेरी लवकर होते. स्टेशनरीच्या दुकानदाराला भीती होती की गाड्या लांब गेल्या की गिऱ्हाईक जाईल. झालं उलटं, कारण आता मुली त्याच्या दारावरून चालत जायला लागल्या. या प्रयोगाचे फोटो आणि आधी-नंतरची मोजणी जोडून अर्ज केला, तेव्हा पक्के खांब आणि पट्टे मारायला मंजुरी मिळाली. आधी कागदावर मागितलं असतं तर 'असं इथे चालणार नाही' हेच उत्तर आलं असतं.

दोन गोष्टी इथे कटाक्षाने पाळा. वाहतूक पोलिसांना आधी कळवल्याशिवाय रस्त्यावर दोरीसुद्धा बांधू नका. आणि गतिरोधक स्वतः घालू नका. खान्देशात कॉलनीकॉलनीत रातोरात सिमेंटचे उंचवटे घातलेले दिसतात, अरुंद आणि टोकदार. त्यावर मोटारसायकल उडते, मागे बसलेली बाई पडते, रुग्णवाहिकेतल्या माणसाचे हाल होतात. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते अभियंत्यांच्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांमधला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि जेमतेम १० सेंटिमीटर उंच असतो. त्यावरून गाडी साधारण २५ किलोमीटरच्या वेगाने सुखाने जाते, त्याहून जोरात गेली तर दणका बसतो. अर्जात हीच मापं लिहा. पदपथासाठी त्याच संस्थेच्या सूचनांनुसार चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. मोकळी म्हणजे त्यात विजेची डीपी, खांब, झाड काही न येता. ही मापं माहीत असलेला नागरिक समोर बसला की संभाषणाचा सूर बदलतो.

वेगावर मी इतका भर देते त्याला कारण आहे. ५० च्या वेगाने येणाऱ्या गाडीतली धडकेची ऊर्जा ३० च्या वेगातल्या ऊर्जेच्या जवळजवळ पावणेतीन पट असते, हे साधं भौतिकशास्त्र आहे. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची आणि १९.५ टक्के पायी चालणारी होती. ही आपल्यासारखीच माणसं आहेत. पर्यावरणासाठी सायकल चालवा असं सांगताना आपण माणसाला या आकड्यांमध्ये ढकलत तर नाही ना, हा विचार मला झोपू देत नाही. आधी वाट सुरक्षित करायची, मग बोलवायचं.

नेदरलँड्सचं उदाहरण सगळे देतात, पण त्यातला महत्त्वाचा भाग सांगत नाहीत. तिथे पहिल्यापासून सगळे हौसेने सायकल चालवत होते आणि म्हणून तो देश तसा झाला, असं नाही. पन्नास-साठच्या दशकांत तिथेही मोटारी भरमसाट वाढल्या, शहरांतली सायकल मागे पडत गेली. १९७१ मध्ये तिथे सुमारे ३,३०० माणसं रस्त्यांवर मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं. मग आईबाप रस्त्यावर उतरले. 'मुलांच्या हत्या थांबवा' हे त्यांच्या चळवळीचं नावच होतं. १९७३ च्या तेल संकटाने त्या मागणीला बळ मिळालं. डेल्फ्ट शहरातल्या रहिवासी गल्ल्यांमध्ये गाड्यांना चालण्याच्या वेगाने जायला लावणारी रचना झाली आणि १९७६ मध्ये तिला कायद्यात स्थान मिळालं. म्हणजे मागणी सायकलची नव्हती, मुलांच्या जिवाची होती, आणि सायकल तिच्या मागून आली. रविवारच्या उपक्रमांनाही मी नावं ठेवत नाही. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७४ मध्ये नागरिकांनी एक दिवस रस्ता गाड्यांना बंद करून दाखवला, आणि आज तिथे दर रविवारी शंभरहून जास्त किलोमीटर रस्ते माणसांसाठी मोकळे असतात. पण ते टिकलं ते शहराच्या प्रशासनाने अधिकृतपणे आपल्या अंगावर घेतलं म्हणून.

आता खान्देशाची एक खास अडचण. ऊन. पुण्या-मुंबईची पुस्तकं वाचून आलेले लोक इथे सायकल मार्गाचे आराखडे करतात आणि सावलीचा शब्द त्यात नसतो. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. आपण साधारण २१ अक्षांशावर आहोत, त्यामुळे मेच्या उत्तरार्धात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. इमारतीची सावली तेव्हा भिंतीच्या पायाशीच राहते, वाटेवर पडत नाही. डोक्यावर पसरलेलं झाड एवढाच उपाय. म्हणून माझ्या लेखी कडुनिंबाची रांग हा रस्त्याच्या बांधकामाचाच भाग आहे, शोभा नाही. कडुनिंब आणि करंज आपल्या मातीत टिकतात, पाणी कमी मागतात. गुलमोहर दिसतो छान, पण वादळात फांद्या मोडतात. बुंध्याभोवती निदान एक मीटर माती मोकळी ठेवायला ठेकेदाराला भाग पाडा, नाहीतर पेव्हर ब्लॉकमध्ये झाडाचा गळा आवळला जातो. पहिले तीन उन्हाळे पाणी घालणं हे काम मात्र पूर्णपणे कॉलनीचं. तिथे महापालिकेकडे बोट दाखवून उपयोग नाही, आरओचं वाया जाणारं पाणी बादलीने नेलं तरी चालतं. आणि जोवर झाड मोठं होत नाही तोवर वेळ बदला: उन्हाळ्यात सकाळची शाळा, कामगारांसाठी वाटेवर पाणपोई, दुपारच्या प्रवासाला बस किंवा रिक्षा. मे महिन्याच्या दुपारी सायकल चालवा असं कुणालाही सांगू नका.

आणखी एक माणूस विसरू नका, कोपऱ्यावरचा सायकल मिस्तरी. पदपथ मोकळे करण्याच्या मोहिमेत सगळ्यात आधी त्याची पत्र्याची पेटी उचलली जाते. मग पंक्चर काढायला दोन किलोमीटर जावं लागतं आणि सायकल कायमची जिन्याखाली जाते. मी ज्या वाटेवर काम करते तिथे हवा भरायचा पंप आणि मिस्तरी कुठे आहेत ते आधी पाहते. २०१४ चा पथविक्रेता कायदा अशा माणसांसाठीही आहे. त्यातल्या शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच असतात. त्याला चालणाऱ्यांच्या आड न येणारी जागा मिळावी म्हणून तुमच्या गटाने पत्र दिलं, तर दहा रॅलींपेक्षा ते मोलाचं. भाजीच्या, केळीच्या गाड्यांचंही तेच. दारात भाजी मिळाली की बाजाराची एक फेरी वाचते, म्हणून त्यांना हाकलायचं नसतं, जागा ठरवून द्यायची असते.

बाजाराच्या रस्त्याला हात घालायचा असेल तर जपून. तिथे व्यापाऱ्यांचा पहिला आक्षेप ठरलेला असतो, पार्किंग गेलं तर धंदा बसेल. वाद घालू नका, त्यांनाच बरोबर घेऊन मोजा. सकाळी अकराला दुकानांसमोर उभ्या गाड्यांचे शेवटचे चार आकडे लिहून घ्या, दुपारी दोनला आणि संध्याकाळी पाचला पुन्हा लिहा. दिवसभर न हललेल्या गाड्या कोणाच्या ते शोधा. मी जिथे जिथे हे केलं तिथे त्यांतल्या बहुतेक दुकानाच्या मालकांच्या आणि नोकरांच्याच निघाल्या. गिऱ्हाइकाची जागा आपणच अडवतोय हे व्यापाऱ्याने स्वतःच्या वहीत पाहिलं की तोच मार्ग काढतो.

सायकल आणि पायी यांच्या पुढे जाऊन एक गोष्ट बोलायला हवी, कारण आपल्याकडे तिला 'पर्यावरण' म्हणून कोणी मोजतच नाही. रोज अप-डाऊन करणारी माणसं. भुसावळ, चाळीसगाव, पाचोरा, अमळनेर, नंदुरबार इथून पास काढून पॅसेंजरने किंवा एसटीने नोकरी-कॉलेजला जाणारे हजारो जण गाडी न काढता शहरात येतात. त्यांच्या प्रवासी संघटना ही आपल्या भागातली सगळ्यात मुरलेली लोकचळवळ आहे. गाडीची वेळ, थांबा, डबे यांसाठी त्या अर्ज-निवेदनं देत राहतात, रेल्वेच्या विभागीय सल्लागार समितीपर्यंत जातात. बंद पडलेल्या पाचोरा-जामनेर 'पीजे' रेल्वेसाठी लोक बोलत राहिले तेही याच परंपरेतून. तुमच्या सायकल गटाने या संघटनांशी कधी बोलणं केलंय का? स्टेशनवर सायकल ठेवायला सुरक्षित, स्वस्त जागा, स्टेशनपासून एमआयडीसीपर्यंत ठरलेल्या दराची शेअर रिक्षा, बसस्थानकाबाहेर रात्री दिवे, या मागण्या दोघांच्या सारख्याच आहेत.

एसटीच्या तिकिटात १७ मार्च २०२३ पासून महिलांना ५० टक्के सवलत आहे. गावाहून शहरात येणाऱ्या बायकांसाठी बस हीच खरी गाडी आहे. त्यांचं काम अडतं ते बसमधून उतरल्यावर, शेवटच्या दोन किलोमीटरवर. तिथे रिक्षा लागते, म्हणून रिक्षावाल्याला शत्रू मानणाऱ्या गटाबरोबर मी काम करत नाही. दाटीवाटीने सीट भरून नेतात ही तक्रार खरी आहे, पण त्यांनाही ठरलेला थांबा आणि ठरलेला दर हवा असतो. शेअर रिक्षाचे मार्ग आणि भाडं प्रादेशिक परिवहन प्राधिकरण मंजूर करतं, जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. रिक्षा संघटना आणि रहिवासी यांनी मिळून एका मार्गाचा प्रस्ताव दिला तर त्याला वजन येतं. एकट्याने दिला तर फाइल पडून राहते.

हे आत्ताच करायचं कारण म्हणजे ई-बस. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केलेल्या पीएम ई-बस सेवा योजनेत १०,००० बसची तरतूद आहे आणि ती मुख्यतः ३ लाख ते ४० लाख लोकसंख्येच्या शहरांसाठी आहे. २०११ च्या जनगणनेत जळगाव सुमारे ४ लाख ६० हजार आणि धुळे सुमारे पावणेचार लाख होतं, म्हणजे दोन्ही शहरं या टप्प्यातली. बस विकत घेणं आणि चालवणं तुमच्या-माझ्या हातात नाही. पण बस कुठे थांबावी, पहिली फेरी कामगारांच्या शिफ्टआधी आणि शेवटची क्लास सुटल्यानंतर असावी, थांब्यापर्यंत चालत जाता यावं, हे सांगणारा कागद आपल्याशिवाय कोण देणार? थांबा घरापासून पाचशे मीटरच्या आत असेल तर माणूस चालतो. वाट चिखलाची किंवा अंधाराची असेल तर पन्नास मीटरही चालत नाही. बस रिकामी धावली आणि मग 'इथल्या लोकांना बसची सवय नाही' म्हणून बंद झाली, असं होऊ नये यासाठी थांब्याची वाट ही आपली जबाबदारी.

आणि काही गोष्टी आपल्या अंगावर घ्यायच्याच नाहीत. महामार्गावरचं क्रॉसिंग, भुयारी मार्ग, उड्डाणपूल, सिग्नल ही सरकारची कामं आहेत. तिथे तरुणांनी शिट्ट्या घेऊन रोज उभं राहणं मला पटत नाही. त्यात जिवाला धोका आहे, आणि ज्याचं काम त्याला त्यातून मोकळीक मिळते. तिथे आपलं हत्यार वेगळं. प्रत्येक जिल्ह्यात रस्ता सुरक्षा समिती असते, तिच्यासमोर अपघातांची जागानिहाय यादी ठेवा. पोलीस ठाण्यातून माहिती अधिकारात ती मागता येते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आलं. रस्त्याच्या सदोष रचनेमुळे किंवा देखभालीअभावी माणूस मेला किंवा अपंग झाला, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला किंवा सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम लहान वाटेल, पण धोक्याची लेखी सूचना आधीच दिलेली असेल तर 'आम्हाला कल्पना नव्हती' हे उत्तर उरत नाही. म्हणून प्रत्येक अर्जाची पोच घ्या, तारखेचा शिक्का घ्या.

इथवरचं थोडक्यात मांडते, म्हणजे तुमच्या गटाच्या बैठकीत वाचता येईल. एक वाट निवडा, शक्यतो शाळेची. मोजा आणि अडणारी जागा शोधा. पोलिसांना सांगून स्वस्तात करून दाखवा. मग मापांसह लेखी मागा. झाडं, मिस्तरी, रिक्षा, अप-डाऊनवाले यांना पहिल्यापासून बरोबर घ्या. महामार्गाचं काम सरकारकडूनच करून घ्या.

गट विरघळतो याबद्दल तुम्ही हळहळ व्यक्त केलीत, त्यावरही बोलते. रॅलीत सगळ्यांना एकच काम असतं, यायचं आणि फोटोत उभं राहायचं. न आलेल्या माणसाची उणीव भासत नाही, म्हणून तो पुढच्या वेळी येत नाही. वाट धरली की कामं वेगवेगळी होतात. निवृत्त काका अर्ज लिहितात आणि पोच सांभाळतात, कॉलेजची पोरं मोजणी करतात, एखादी गृहिणी रोज त्या वाटेने जात असल्याने कुठला दिवा बंद पडला ते कळवते, दुकानदार पाण्याचा ड्रम भरून ठेवतो. बायकांना आणि मुलींना फक्त 'सहभागी' करू नका, वाट निवडताना त्यांचं म्हणणं आधी घ्या. पुरुषांना धोक्याची वाटणारी जागा आणि बायकांना नकोशी वाटणारी जागा यांत फरक असतो. पुरुष ट्रकचा चौक दाखवतात, बायका टपरीजवळचा अंधारा कोपरा दाखवतात. दोन्ही दुरुस्त झाल्याशिवाय मुलीची सायकल जिन्याखालून निघत नाही.

वेळेचं गणित तेवढं पाळा. महापालिकेचं अंदाजपत्रक साधारण जानेवारी ते मार्च या काळात आकार घेतं. तुमची मागणी त्यात यायची असेल तर मोजणी पावसाळा ओसरल्यावर लगेच करा, करून दाखवणं दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडल्या उघडल्या, आणि अर्ज डिसेंबरच्या आत आयुक्तांच्या टेबलावर. पुण्यात नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत २००६ पासून आहे. आपल्याकडे अशी पद्धत सुरू करा ही मागणीही त्याच अर्जाच्या शेवटी लिहा. जिल्हा नियोजन समिती आणि आमदार निधी हे दोन मार्गही आहेत, पण त्यांच्यासाठी मापं आणि अंदाजे खर्चाचा कागद तयार लागतो. तो करायला जळगाव-धुळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा. त्यांना प्रकल्पाला विषय हवाच असतो.

तुमच्या कॉलनीतून शाळेकडे जाणाऱ्या वाटेचा हाताने काढलेला नकाशा आणि पालकांच्या उत्तरांचे ठिपके तयार झाले की त्याचा फोटो टाका. महामार्ग नेमका कुठे ओलांडावा लागतो, जवळचा भुयारी मार्ग किती मीटरवर आहे आणि मुलं तो वापरत नसतील तर का, एवढं त्यावर लिहा. ते पाहून पहिला अर्ज कोणाच्या नावाने करायचा ते मी सांगेन.